पाळीव कोंबडीचे डोळे व त्वचा : औषधाआधी खुराडे तपासावे

जैन व्यापारी कुटुंबात कोंबडी सहसा ठरवून पाळली जात नाही. ती घरात येते. आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत बुडवलेली पिल्ले टोपलीत घेऊन विक्रेता बसलेला असतो. ती बहुधा अंड्यांच्या जातीतील नर पिल्ले असतात. उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसल्यामुळे ती अशी बाजारात उतरतात. नातवंड हट्ट धरते, पिल्लू घरी येते, आणि काही महिन्यांत रंग झडून पांढरा कोंबडा परसात आरवू लागतो. कोठे पक्षी वाहून नेणाऱ्या गाडीतून रस्त्यावर पडलेली कोंबडी दुकानातील नोकर उचलून आणतो. कोठे गावच्या पांजरपोळात गाईगुरांच्या गोठ्याशेजारी अशा दहावीस पक्ष्यांसाठी जाळीची खोली केलेली असते. पक्षी एकदा उंबरठ्याच्या आत आला की तो विकणे किंवा कापणाऱ्याच्या हाती देणे या घरांत शक्य नसते. तो जगेल तितके दिवस त्याचा सांभाळ करणे ओघानेच येते.

अडचण येथूनच सुरू होते. कुक्कुटपालनाचे जे ज्ञान बाजारात उपलब्ध आहे ते व्यवसायाच्या गरजेतून तयार झालेले आहे. अंडी देणारी कोंबडी साधारणतः ७२ ते ८० आठवड्यांची झाली की व्यावसायिक कळपातून काढली जाते. घरातील कोंबडी मात्र पाच-सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. एका पक्ष्याच्या डोळ्यात दिवसातून तीन वेळा औषध घालत बसणे पोल्ट्रीच्या हिशेबात बसत नाही. त्यामुळे हजार पक्ष्यांना पाण्यातून औषध कसे द्यावे हे पुस्तकांत सविस्तर सापडते, पण एकाच कोंबडीची चिकटलेली पापणी कशी सोडवावी हे क्वचितच आढळते.

घरच्या माणसांच्या नजरेस प्रथम पडतात त्या दोनच गोष्टी : कोंबडीने एक डोळा मिटून घेतला आहे, किंवा तिची पिसे जाऊन कातडी उघडी पडली आहे. लक्षण समोर दिसत असल्यामुळे इलाजही तेथेच करण्याची घाई होते. डोळ्यात थेंब, कातडीला मलम. दोन-तीन दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याचे कारण असे की डोळ्यांचे व त्वचेचे बरेचसे विकार डोळ्यात वा त्वचेत सुरू होत नाहीत. ते खुराड्यातील ओलसर गादीत, लाकडाच्या फटीत, डासांत किंवा खाद्याच्या डब्यात सुरू होतात. थेंबांची बाटली उघडण्यापूर्वी खुराड्यात वाकून पाहिले तर निम्मे निदान तेथेच होते.

पक्षी तपासावा कसा, हे आधी सांगणे आवश्यक आहे. दिवसा कोंबडीच्या मागे धावून तिला पकडणे टाळावे. सायंकाळी अंधार पडल्यावर ती दांडीवर बसली की शांत असते. त्या वेळी दोन्ही पंख अंगाशी दाबून अलगद उचलावे. छाती मात्र दाबू नये. पक्ष्याला माणसासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड वरखाली होऊनच त्याचा श्वास चालतो, आणि मुलांनी प्रेमाने घट्ट धरलेला पक्षी गुदमरू शकतो. विजेरीच्या उजेडात डोळे, तुरा, चोचीचा आतील भाग, पंखांखालची जागा, विष्ठाद्वाराच्या भोवतालची पिसे आणि पायांचे खवले एवढे क्रमाने पाहावे. व्यापारी घरात तराजू असतोच. महिन्यातून एकदा वजन करून वहीत नोंद ठेवली तर पिसांखाली लपलेला अशक्तपणा वेळीच कळतो. औषधाची मात्राही वजनावरच ठरत असल्याने डॉक्टरांना ही नोंद फार उपयोगी पडते. आणखी एक बाब : डोळ्याच्या आतील कोपऱ्यातून क्षणभर सरकून जाणारा पातळ पडदा पाहून अनेक जण घाबरतात. ती पक्ष्याची तिसरी पापणी आहे. तो पडदा सरकत असेल तर चिंता नाही. अर्ध्यावरच थांबून राहिला असेल तर मात्र पक्षी आजारी आहे असे समजावे.

मिटलेल्या डोळ्याची कारणे

पावसाळ्यात सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे अमोनिया वायू. कोंबडीच्या विष्ठेत मूत्राचाही अंश असतो. पाण्याचे भांडे सांडून वा पाऊस आत येऊन गादी ओली झाली की जंतू त्या विष्ठेचे विघटन करतात आणि अमोनिया निर्माण होतो. हवेतील त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत २५ भागांच्या वर राहू लागले की पक्ष्यांना त्रास होतो, आणि ते बरेच वाढले तर बुबुळावर जखमा होतात. असे पक्षी उजेड टाळतात, दोन्ही डोळे मिटून कोपऱ्यात बसतात, डोके पंखावर घासतात. येथे दोन्ही डोळे हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच पक्ष्याचा एकच डोळा बिघडला असेल तर कचरा वा मार लागल्याचा संशय घ्यावा; बहुतेक पक्ष्यांचे दोन्ही डोळे बिघडले असतील तर हवेचा.

खुराड्याच्या दारात उभे राहून वास घेणाऱ्या माणसाला बहुधा काही जाणवत नाही. कोंबडीचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. तेवढे खाली वाकून दोन श्वास घ्यावेत. नाक झोंबले तर त्याच हवेत पक्षी रात्रभर बसतो हे ध्यानात घ्यावे. रोज तेथे वावरणाऱ्या माणसाच्या नाकाला वासाची सवय होऊन जाते, म्हणून बाहेरच्या कोणाला तरी ही परीक्षा करू द्यावी. उपाय औषधाच्या दुकानात नाही. ओली गादी पूर्ण काढून भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफले कोरडी करून अंथरावीत, ती दर दोन-तीन दिवसांनी वरखाली करावीत, आणि वरच्या बाजूने हवा खेळती ठेवावी. थंडीच्या किंवा पावसाच्या भीतीने खुराडे चारी बाजूंनी गोणपाटाने बंद करण्याची पद्धत घातक आहे. चुन्याची भुकटी उडवायची तर पक्षी बाहेर काढून उडवावी. ओल्या विष्ठेवर चुना टाकला की अमोनिया अधिकच सुटतो आणि त्याची धूळ डोळ्यांत जाते ती वेगळीच.

दुसरे कारण आहाराचे, आणि त्याकडे धान्याच्या व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. दुकानात खाली सांडलेली ज्वारी, तांदळाची कणी, उरलेला भात यांवर वाढलेल्या कोंबडीला अ जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. पांढऱ्या ज्वारीत व तांदळात ते नसल्यासारखेच असते. पिवळ्या मक्यात त्याचा अंश असतो, पण साठवण लांबली की तोही घटतो. काही महिन्यांनी डोळ्यांतून पाणी येते, पापण्या चिकटतात, आणि पापणीखाली पनीरासारखा पांढरट घट्ट पदार्थ साचतो. चोच उघडून पाहिले तर घशात बारीक पांढरे फोड दिसतात. यावर प्रतिजैविकाचे थेंब घालून काहीही साधत नाही. पुस्तकांत गाजर द्यावे असे लिहिलेले असते. कंदमूळ घरात येत नसेल तरी अडत नाही : शेवग्याचा पाला, पालक, मेथी, कोथिंबिरीच्या काड्या, लसूणघास, तांबडा भोपळा यांतून ते जीवनसत्त्व उत्तम मिळते. मूठभर पाला दोरीने बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगला की ती दिवसभर त्यात रमते. आजार बळावला असेल तर जीवनसत्त्वाचे औषध डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच द्यावे. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते, आणि त्याचा अतिरेकही बाधतो.

धान्याविषयीच आणखी एक गोष्ट. भिजून बुरशी आलेले पोते गिऱ्हाईकाला देता येत नाही, फेकवत नाही, मग ते कोंबड्यांपुढे ओतले जाते. या काटकसरीत नफा नाही. बुरशीचे सूक्ष्म बीज श्वासावाटे फुप्फुसांत जाते, आणि लहान पिल्लांत तर ते डोळ्यात रुजून तिसऱ्या पापणीखाली पिवळट गोळी तयार करते. बुरशीचे विष यकृताला बाधते ते निराळेच. असे धान्य कोणत्याही जीवाला घालू नये. मिरचीच्या गोदामाची भीती मात्र काहीशी अनाठायी आहे. मिरचीतील तिखट द्रव्य पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवत नाही, त्यामुळे माणसाला ठसका लागतो तेथे कोंबडी बी टिपत फिरते. तथापि तिखटाची असो वा हळदीची, धूळ ही धूळच. ती डोळ्यात खुपते.

संसर्गजन्य आजारांत तीन ओळखून ठेवावेत. चेहरा एका बाजूने सुजला आहे, नाकातून चिकट स्राव येतो आहे आणि त्याला दुर्गंधी आहे, तर कोरायझा या सर्दीच्या रोगाचा संशय घ्यावा. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसतात, शिंका येतात, रात्री श्वासाची घरघर ऐकू येते, तर तो मायकोप्लाझ्मा जंतूमुळे होणारा जुनाट श्वसनरोग असू शकतो. या दोन्हींवर प्रतिजैविके आहेत. परंतु कोणते व किती दिवस हे पशुवैद्यकानेच ठरवावे, कारण बरे झालेले पक्षीही जंतू बाळगून राहतात आणि अर्धवट औषधाने रोग केवळ दबतो.

तिसरा आजार डोळा व त्वचा या दोहोंचा आहे : देवी. डास चावल्याने हा विषाणू एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून श्रावण-भाद्रपदानंतर तो अधिक दिसतो. तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीखाली लोंबणाऱ्या तांबड्या कातडीवर प्रथम फिकट पुरळ व नंतर काळपट खपल्या येतात. पापणीवरच्या खपलीने डोळा बंद होतो. कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती रोगाने नव्हे तर उपासाने खंगते. विषाणूवर औषध नाही. कातडीवरची देवी बहुधा तीन-चार आठवड्यांत आपोआप ओसरते, तेवढा काळ पक्ष्याला हाताने भरवणे, पाण्यात चोच बुडवून देणे, डोळा स्वच्छ ठेवणे हीच चिकित्सा. खपल्या नखाने काढण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. तसे केल्यास रक्त येते, जखम चिघळते, आणि खाली पडलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. गळून पडलेल्या खपल्या वेचून जाळाव्यात. तोंडात व घशात पिवळट पडदे दिसले तर मात्र तो प्रकार गंभीर असतो; त्याच दिवशी दवाखाना गाठावा. देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात टोचून देतात आणि ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देण्याचा प्रघात आहे. कोंबडीची देवी माणसाला होत नाही, त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्याने भिण्याचे कारण नाही.

चिकटलेला डोळा धुण्यासाठी औषधाच्या दुकानातील सलाईन सर्वांत चांगले. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ मोजून घालावे; मोजून हा शब्द गाळू नये. कोमट द्रावणात भिजवलेला कापूस पापणीवर पाच मिनिटे ठेवावा, खपली मऊ होऊ द्यावी, मग आतील कोपऱ्याकडून बाहेर हलक्या हाताने पुसावे. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. डॉक्टरांनी मलम दिले असेल तर तांदळाच्या दाण्याएवढे पुरते.

येथे एक इशारा देणे भाग आहे. घरातील आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असते आणि त्या वेळचे थेंब कपाटात उरलेले असतात. तेच कोंबडीच्या डोळ्यात घातले जातात. ऑपरेशननंतरच्या बहुतेक थेंबांत स्टेरॉइड असते. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड घातले तर जखम भरत नाही, उलट खोल जाते व डोळा कायमचा जाऊ शकतो. शिवाय अशी बाटली उघडल्यापासून महिनाभरानंतर वापरण्याजोगी राहत नाही, माणसासाठीही नाही आणि पक्ष्यासाठीही नाही.

उघडी पडलेली कातडी

पिसे गेली म्हणजे रोग झाला असे नाही. कोंबडी वर्षातून एकदा कात टाकल्याप्रमाणे पिसे टाकते. दिवस लहान होऊ लागले की हे सुरू होते. आधी डोके व मान, मग छाती व पाठ, शेवटी पंख व शेपूट असा क्रम असतो, आणि दोन-तीन महिने त्यात जातात. कातडी स्वच्छ आहे आणि तिच्यातून सुईसारखे नवे कोंब वर येताना दिसत आहेत, तर काहीही करू नये. केवळ खाद्य सुधारावे. पीस हे जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांचे बनलेले असते. बाजारातील तयार खाद्यात माशांची कुटी असू शकते, म्हणून पिशवीवरील घटक वाचून घ्यावेत. सोयापेंडीत थोडी तिळाची पेंड मिसळली तर पिसांना लागणारी गंधकयुक्त प्रथिने शाकाहारी मार्गाने मिळतात. या काळात कोंबडीला उगाच हाताळू नये. नव्या कोंबांत रक्त असते व ते दुखतात.

पाठीवर किंवा शेपटीच्या बुडाशी रक्ताळलेली जागा असेल तर बहुधा दुसरी कोंबडी टोचते आहे. दाटी, कडक उजेड, प्रथिनांची वा मिठाची कमतरता आणि निव्वळ रिकामपण ही त्याची कारणे. रक्त दिसले की इतर सर्व जणी त्यावर तुटून पडतात, तेव्हा जखमी पक्षी तत्काळ वेगळा करावा. टोचणारीची चोच कापण्याचा सल्ला कोणी देईल. त्यापेक्षा जागा वाढवावी.

पायांचे खवले उचलले जाऊन त्यांखाली पांढरट चुन्यासारखा थर जमत असेल तर ती खवल्यांची खरूज. अतिसूक्ष्म कीटक खवल्यांखाली बिळे करतात. रोग महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो आणि वार्धक्य समजून सोडून दिला जातो. शेवटी बोटे वाकडी होऊन कोंबडी लंगडते. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने सैल झालेला थरच काढावा, पुसून व्हॅसलीनचा जाड लेप द्यावा, आणि हे कित्येक आठवडे चालू ठेवावे. रॉकेल लावण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, त्याने कातडी भाजते. तळव्याला काळी खपली व सूज असेल तर तो निराळा विकार आहे, उंच दांडीवरून कठीण फरशीवर रोज उडी मारल्याने होणारा. दांडी खाली आणावी, खाली मऊ गादी करावी आणि गळू झाले असल्यास डॉक्टरांकडून काढून घ्यावे.

राहिल्या उवा आणि रक्त पिणारे कीटक, आणि याच ठिकाणी जैन कुटुंबांत खरा पेच पडतो. उवा आयुष्यभर पक्ष्याच्या अंगावरच राहतात. विष्ठाद्वाराजवळच्या पिसांच्या बुडाशी त्यांच्या लिखांचे पांढरे गुच्छ दिसतात. तांबडा कीटक मात्र दिवसा दांडीच्या व भिंतीच्या फटीत लपतो आणि रात्री वर येऊन रक्त पितो. दिवसा पक्षी तपासून काहीच सापडत नाही, कोंबडी खुराड्यात शिरायला नाखूश असते, तुरा फिका पडत जातो. रात्री विजेरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूवर पांढरा कापूस फिरवावा. लाल ठिपके उमटले तर कारण कळले. उष्ण हवेत या कीटकाची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि तो काही न खाता अनेक महिने तग धरतो. फार झाले तर पक्षी रक्तक्षयाने मरतो. फटीत राहणारी कोंबडीची गोचीड हीही याच सवयीची, आणि ती रक्तातून तापाचा रोगही पसरवते.

कोंबडीला वाचवण्यासाठी हे जीव मारावेत काय? काही घरांत ज्येष्ठ मंडळी औषधाला स्पष्ट नकार देतात, तरुण मंडळी त्यांना न सांगता फवारा आणतात. गृहस्थाच्या आचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात : संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी. पैकी संकल्पी हिंसेचा त्याग पूर्ण, आणि उरलेल्या तिन्हींत शक्य तेवढी मर्यादा, अशी व्यवस्था आहे. आश्रयास आलेल्या जीवाच्या रक्षणासाठी केलेला उपचार नेमका कोणत्या प्रकारात मोडतो यावर चर्चा होऊ शकते, ज्याला शंका असेल त्याने ती जाणत्यांना विचारावी. पण काहीच न करणे ही अहिंसा नव्हे, हे उघड आहे. आज शंभर कीटक असताना फटी न बुजवणारा माणूस महिन्याने लाखांच्या जीवोत्पत्तीस कारण होतो, आणि त्या वेळी औषधावाचून गत्यंतर उरत नाही.

हा विचार या घरांना नवा नाही. चातुर्मासापूर्वी गहू-डाळींना ऊन दाखवून एरंडेल चोळून ठेवतात, ते कीड मारण्यासाठी नव्हे तर ती होऊच नये म्हणून. खुराड्याला तोच न्याय लावावा. फटी सिमेंटने वा लांबीने बुजवाव्यात, दांडी सालीसकट न ठेवता गुळगुळीत करून घ्यावी व ती काढता येईल अशी बसवावी, म्हणजे आठवड्याला उन्हात ठेवता येते. उन्हाळ्याच्या अखेरीस पक्षी बाहेर ठेवून भिंतींना चुन्याची सफेदी द्यावी. आणि कोंबडीला धूळस्नानाची सोय करून द्यावी : छपराखाली एक पसरट घमेले, त्यात चाळलेली कोरडी माती व चुलीतील लाकडाची राख. ती त्यात लोळते, पिसे फुगवते, झटकते, आणि आपल्या अंगाची देखभाल स्वतःच करते. पावसाळ्यात परसातील माती ओली झाली की हे स्नान बंद पडते आणि पंधरा-वीस दिवसांत उवा वाढतात. म्हणून त्या दिवसांत घमेले अगत्याने भरलेले असावे.

एवढे करूनही औषध लागलेच तर ते पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. लिखांवर औषधाचा परिणाम होत नसल्याने दहा ते चौदा दिवसांनी दुसरी मात्रा देतात, तिची तारीख विसरू नये. तंबाखूचे पाणी शिंपडणे किंवा कृषी केंद्रातून शेतीचे कीटकनाशक आणून फवारणे या दोन्ही गोष्टींनी उवांबरोबर कोंबडीही दगावते. औषध चालू असताना व नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी शेजाऱ्यांनाही देऊ नयेत. घरात ती खाल्ली जात नाहीत, पण दिलेली अंडी कोणी तरी खातोच.

नवा पक्षी, आणि जुना

जीवदयेच्या भरात सर्वांत मोठी हानी होते ती नव्या पक्ष्यामुळे. रस्त्यावरून आणलेली कोंबडी करुणेने थेट इतरांत सोडली जाते आणि आठवड्यात सारे खुराडे शिंकू लागते. नवा पक्षी किमान तीस दिवस वेगळा ठेवावा, त्याचे भांडे वेगळे, आणि त्याची सेवा सर्वांत शेवटी करावी. पांजरपोळांनी तर यासाठी स्वतंत्र खोलीच राखून ठेवावी. देणगीदाराच्या नावाची पाटी तिच्यावरही शोभेल.

डोके सुजणे, तुरा निळसर पडणे आणि एकाएकी अनेक पक्षी मरणे ही बर्ड फ्लूची लक्षणे असू शकतात. भारतात या रोगाचा पहिला उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. राणीखेत, म्हणजे खेड्यातील मानमोडी, हा रोग माणसाच्या डोळ्यांनाही तात्पुरता दाह करू शकतो. म्हणून कोणत्याही आजारी पक्ष्याचे डोळे पुसल्यावर हात साबणाने धुवावेत, मुलांना तर ही सवयच लावावी. तालुक्याच्या दवाखान्यात काम भागले नाही तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते, आणि परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जाताना खुराड्याची व गादीची दोन छायाचित्रे आणि वजनाची वही सोबत न्यावी.

काही डोळे मात्र बरे होत नाहीत. मरेक या विषाणुरोगात बुबुळाभोवतीचा तांबूस भाग राखाडी होतो, बाहुलीचा आकार वेडावाकडा होतो आणि दृष्टी जाते. त्याची लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच द्यावी लागते, पुढे इलाज नाही. म्हाताऱ्या कोंबडीला माणसासारखा मोतीबिंदूही होतो. पोल्ट्रीत अशा पक्ष्याला जागा नसते, पण घरात असू शकते. आंधळी कोंबडी पाणी व दाण्याची जागा आठवणीने शोधते, म्हणून भांडी एक इंचही हलवू नयेत. भांडे जड व पसरट असावे. दाणा घालताना भांड्याच्या काठावर बोटाने दोनदा टकटक करावी, दोन-चार दिवसांत ती त्या आवाजाला येऊ लागते. दांडी काढून तिला जमिनीवरच कोरड्या तुसात बसू द्यावे. टोचणाऱ्या कोंबड्यांपासून ती वेगळी हवी, परंतु एकटी नको. एखादी शांत, वयस्क कोंबडी सोबतीला दिली तर तिच्या पावलांच्या आणि चोचीच्या आवाजामागे ती दिवसभर फिरते, आणि सायंकाळी तिच्या पंखाला लागून बसते.